न वापरता उतरणारी बॅटरी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या खेड्यांत विजेरीला विजेरी कोणी म्हणत नाही. तिचे नाव ‘बॅटरी’, आणि तिच्या पोटात जे असतात ते ‘सेल’. पूर्वी हे सेल किराणा दुकानातून जोडीने आणले जात, प्रकाश पिवळा पडू लागला की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवले जात आणि मग फेकून दिले जात. आता घरोघरी चार्जिंगची बॅटरी आहे. मागे दडवलेला दोन पिनांचा प्लग बाहेर काढायचा आणि भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. सेलचा खर्च वाचला, उजेडही कितीतरी वाढला. मात्र या नव्या वस्तूत एक फसवा गुण आहे. ती न वापरताही उतरते, आणि उतरल्याचे आधी सांगत नाही.

शहरातल्या घरात ही गैरसोय म्हणायची. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले या ऊसपट्ट्यात ती धोक्याची गोष्ट ठरते. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असली की उसाचे भरणे रात्रीच करावे लागते. मोटार चालू करायला विहिरीपर्यंत जायचे, मग पाटाच्या कडेने वाफ्यापर्यंत, दारे मोडायचे, पुन्हा परत. मण्यार रात्री फिरते. घोणस बांधाच्या गवतात पडून असते. आणि उसात बिबट्या असतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सरासरी ४.८ बिबटे असल्याचे त्यातून दिसले. जंगलातून वाट चुकून आलेले ते पाहुणे नव्हते; शेतातच राहणारे होते. अशा शेतात मध्यरात्री उतरणाऱ्याच्या हातातली बॅटरी दहाव्या मिनिटाला मंदावली तर काय होते, हे उसाच्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

ही बॅटरी बहुधा तालुक्याच्या पेठेतल्या दुकानातून आलेली असते, आणि त्यांतली कितीतरी दुकाने आपल्याच समाजाच्या कुटुंबांची आहेत. आजोबांच्या काळापासून ज्या शेतकऱ्याचे खाते वहीत चालत आले, तोच एक दिवस बॅटरी गल्ल्यासमोर ठेवतो आणि म्हणतो, “शेठ, चार्ज तर होते, पण लगेच बसते.” दुकानदार कंपनीला दोष देतो, शेतकरी दुकानदाराला देतो. खरे पाहता बॅटरी त्या दोघांच्या हाती पडण्यापूर्वीच, कित्येकदा गोदामातल्या खोक्यात, अर्धी मेलेली असते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट कांद्याच्या उदाहरणाने चटकन उमगेल. चाळीत कांदा भरला आणि कोणी हात लावला नाही, तरी चार महिन्यांनी वजन कमीच भरते. ती घट हिशेबात धरावीच लागते. बॅटरीतल्या विजेचेही तसेच आहे. बटण बंद असले तरी आतली रसायने स्वस्थ बसत नाहीत; एकमेकांशी हळूहळू क्रिया करत राहतात आणि साठवलेली शक्ती कोणाच्याही उपयोगी न पडता खर्च होते. घट किती, ते आत कोणत्या जातीचा सेल आहे यावर ठरते.

स्वस्त आणि हाताला जड लागणाऱ्या बॅटऱ्यांत बहुधा ४ व्होल्टचा सीलबंद शिसे-आम्लाचा सेल असतो. गाड्यांच्या बॅटरीचाच हा धाकटा भाऊ. मूळ शोध फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावलेला. २५ अंश तापमानाला हा सेल महिन्याला ३ ते ५ टक्के उतरतो. आकडा लहान वाटतो खरा, पण तापमान दर १० अंशांनी वाढले की ही घट साधारण दुप्पट होते. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून वर जातो. तिथे तोच सेल महिन्याला १० ते १५ टक्के गमावू लागतो. फेब्रुवारीत आलेला माल मृगाच्या सुमारास विकायला काढला, तर ढोबळ हिशेबाने जवळजवळ चाळीस टक्के चार्ज वाटेतच संपलेला असतो. कारखान्यातून सेल पूर्ण भरून निघाला नसेल, तर त्याहून वाईट.

गेलेला चार्ज पुन्हा भरता येतो. तेवढ्याने नुकसान होत नाही. नुकसान होते ते उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने. शिसे-आम्लाचा सेल उतरतो तेव्हा त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण बसतात. ताबडतोब चार्ज केले तर ते पुन्हा विरघळून जातात. आठवडे आणि महिने तसेच राहिले तर त्यांचे मोठे, टणक स्फटिक बनतात आणि मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते पूर्णपणे मोडत नाहीत. गॅरेजवाले यालाच ‘सल्फेट धरले’ म्हणतात. पट्टीचा जेवढा भाग सल्फेटने व्यापला तेवढी बॅटरी कायमची लहान झाली. शेतकऱ्याची ‘चार्ज होते पण बसते’ ही तक्रार नेमकी हीच.

म्हणून या जातीच्या सेलचा नियम असा, की रात्री वापरला तर सकाळी चार्जिंगला लावावा, आणि वापरला नाही तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा भरावा. प्रकाश मंदावेपर्यंत चालवून मग चार्ज करण्याची सवय त्याला मारक आहे.

ही सवय आली कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. निकेल-कॅडमियमच्या सेलला काही परिस्थितीत अर्धवट वापराची ‘आठवण’ राहते आणि त्याची धारणशक्ती घटल्यासारखी वाटते. त्यामुळे तो पूर्ण उतरवूनच भरावा, असा सल्ला त्या काळी दिला जाई. त्या सेलचा वापर ओसरला, सल्ला मात्र घराघरांत राहिला आणि ज्या सेलना तो लागू नाही त्यांनाही लावला गेला. त्यानंतरचे निकेल-मेटल-हायड्राइडचे साधे सेल तर आपोआप उतरण्यात सर्वांत पुढे. महिन्याभरात पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक चार्ज सहज जातो. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने कमी उतरणारे सेल बाजारात आणले, तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली. आपल्याकडच्या टॉर्चमध्ये मात्र ते क्वचितच आढळतात.

हलक्या आणि काहीशा महाग टॉर्चमध्ये आता लिथियम-आयन सेल असतो. त्यावर ३.७ व्होल्ट असे छापलेले असते. हा सेल १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणला आणि त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तो महिन्याला जेमतेम एक-दोन टक्के उतरतो. आतल्या संरक्षक मंडळाचा आणि बटणाच्या दिव्याचा खर्च धरला तर थोडे अधिक. याची सवय शिसे-आम्लाच्या उलट आहे. शिशाचा सेल पूर्ण भरलेला ठेवला की सुखी. लिथियमचा सेल अनेक महिने ठेवायचा असेल तर अर्धा भरलेला बरा. काठोकाठ भरून उन्हात तापणाऱ्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवला तर तो लवकर म्हातारा होतो. रोजच्या वापरात मात्र अर्धा उतरला असताना चार्ज करण्यास काहीच हरकत नाही. उलट तेच त्याला मानवते. तो पूर्ण रिकामा होऊन महिनोन्‌महिने पडला, व्होल्टेज दोनच्याही खाली गेले, तर आतल्या तांब्याचा काही अंश विरघळून पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. असा सेल चार्ज करून ‘जिवंत’ करण्याच्या फंदात पडू नये. फुगलेला सेलही तत्काळ बाजूला काढावा.

तेव्हा घरात किंवा दुकानात पहिले काम म्हणजे आत काय आहे ते वाचणे. खोक्यावर ४ व्होल्ट असेल तर बहुधा शिसे-आम्ल, ३.७ असेल तर लिथियम-आयन, आणि प्रत्येक सेलला १.२ असेल तर निकेल.

स्वस्त बॅटऱ्यांच्या चार्जरबद्दलही थोडे बोलणे आवश्यक आहे. त्यांतल्या अनेकांत चार्ज पूर्ण झाल्यावर पुरवठा तोडणारी सोयच नसते. रात्री लावून सकाळी काढायची असे ठरते आणि सकाळच्या गडबडीत ती दुपारपर्यंत तशीच राहते. जादा चार्जने सीलबंद सेलमधले पाणी वायुरूप होऊन निघून जाते, सेल सुकतो, कधी कधी फुगतो. खोक्यावर जितके तास लिहिले असतील तितकेच द्यावेत. मोबाइलमध्ये गजर लावला तर उत्तम. याहून गंभीर गोष्ट म्हणजे अशा बॅटऱ्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणजे चार्जिंग चालू असताना आतल्या तारा घरातल्या २३० व्होल्टशी थेट जोडलेल्या असतात. प्लगला लावलेली बॅटरी उघडणे, ओल्या हाताने धरणे, किंवा फुटलेल्या खोळीची बॅटरी चिकटपट्टी लावून चार्ज करणे जिवावर बेतू शकते. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

सुट्या लिथियम सेलच्या विक्रीत एक लबाडी चालते. १८६५० हा सर्वांत प्रचलित आकार. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी यावरून हे नाव पडले. एवढ्या नळीत चांगल्यात चांगल्या कंपनीलाही साधारण ३५०० मिलीअँपिअर-तासच मावतात. तरीही ९९०० छापलेले सेल बाजारात सर्रास मिळतात. अशा सेलची धारणशक्ती छापील आकड्याच्या जवळपासही नसते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन्ही सांगितलेले आहेत; तराजू गेला आणि छापील आकडा आला म्हणून त्यांचा अर्थ बदललेला नाही. असा माल येतो तेव्हा दुकानदाराला स्वस्त पडतो, पण रात्रीच्या भरण्यात ती तूट गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते.

साठ्याची निगा राखण्यासाठी वेगळी वही नको; घरातले पंचांग पुरे. दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी एकदा, संक्रांतीला दुसऱ्यांदा, महावीर जयंतीला तिसऱ्यांदा आणि चातुर्मास सुरू होताना चौथ्यांदा, अशी शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची पाळी ठेवली तर दोन खेपांत साधारण अडीच-तीन महिने पडतात. पुढचे अंतर मोठे असल्याने पर्युषणापूर्वी एक फेरी जास्त करावी. खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख टाकली की नोकराला विचारावे लागत नाही. जुना माल आधी, नवा नंतर, हा धान्याचा नियम इथेही चालतो. आणि माल पत्र्याखालच्या माळ्यावर न चढवता दुकानातल्या खालच्या, थंड फळीवर ठेवावा. गिऱ्हाइकासमोर बॅटरी दोन सेकंद पेटवून दाखवण्याला फारसा अर्थ नाही; तेवढा वेळ मेलेला सेलही पेटतो. आदल्या रात्री भरून सकाळी अर्धा तास पेटती ठेवली की खरे-खोटे कळते.

घरातली बॅटरी, विशेषतः वयोवृद्ध माणसांच्या उशाशी असलेली, याच तारखांना बघता येईल. वीज गेल्यावर हात तिच्याकडेच जातो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली, तेव्हा पथदर्शी प्रकल्पासाठी निवडलेल्या दोन गावांपैकी एक याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी होते. शेतीला दिवसा वीज देणे हा तिचा उद्देश. जिथे ती पोहोचेल तिथे रात्रीचे भरणे थांबेल. तोपर्यंत जाणाऱ्या माणसाने एक बॅटरी हातात आणि एक खिशात ठेवावी. दुसरी लहान असली तरी चालेल.

निकामी बॅटऱ्यांचा ढीग हा शेवटचा भाग. शिसे विषारी आहे आणि लिथियमचा सेल कचऱ्यात चेपला गेला तर पेट घेतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गल्ल्याशेजारी एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवला, लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि भरलेला डबा माल देणाऱ्या वितरकाकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे धाडला, तर दुकानदाराचा वाटा पूर्ण होतो. भंगारवाल्याला दिलेला शिशाचा सेल बहुधा उघड्यावर फोडला जातो आणि त्यातले आम्ल जमिनीत मुरते.