ताफ्यातली शेवटची नाव

शिडाच्या नावेची डोलकाठी न उतरवता नेदरलँड्सच्या नैऋत्येतल्या फ्लिसिंगेनपासून ईशान्येच्या डेल्फझाइलपर्यंत देशाच्या आतल्या पाण्यातून जाता येतं. या मार्गाचं नावच ‘उभ्या डोलकाठीचा मार्ग’. वाटेतला प्रत्येक पूल पुरेसा उंच असतो, नाहीतर उघडतो. आमच्या सेलिंग क्लबचा ताफा झीलंडहून निघाला, डॉर्ड्रेख्ट, खौदा करत वर सरकत गेला आणि शेवटच्या टप्प्यात ॲमस्टरडॅमच्या वेशीवर, न्यूवे मेअर या तलावाशी येऊन थांबला. इथे सगळ्यांनाच थांबावं लागतं, कारण शहराच्या रिंगरोडचा आणि रेल्वेचा पूल नावांसाठी उघडतो तो फक्त रात्री.

त्याआधीचा दिवस हार्लेममेअरच्या कडेच्या कालव्यातून गेला. नावेवरून खाली पाहिलं की शेतं दिसतात. इथे पूर्वी मोठं सरोवर होतं. वाफेवर चालणाऱ्या तीन उपसा केंद्रांनी ते 1852 पर्यंत कोरडं केलं, आणि त्याच्या तळावर आज स्किपोल विमानतळ आहे. आपण पाण्यावर तरंगतोय आणि विमानं आपल्यापेक्षा खालच्या जमिनीवर उतरतायत, हे कितीदा पाहिलं तरी डोळ्यांना पटत नाही.

रात्रीच्या ताफ्याची तयारी संध्याकाळीच सुरू होते. कोण कोणाच्या मागे जाणार ते ठरतं, आणि क्रम लावताना पहिला विचार शेवटच्या नावेचा होतो. आमच्या प्रमुख बाई सत्तरीच्या. निम्मं आयुष्य त्यांनी याच पाण्यात काढलंय. त्यांनी स्वतःसाठी शेवटची जागा घेतली. कारण सरळ होतं. पूल उघडला की रस्ता थांबतो, आणि थांबलेल्या रस्त्याला फार वेळ धरून ठेवता येत नाही. पुढची नाव रेंगाळली तर पूल मिटताना अलीकडे राहते ती मागची नाव. तिला मग पुढच्या रात्रीपर्यंत थांबावं लागेल. त्या जागी अशीच व्यक्ती हवी, जी घाई करणार नाही आणि मागेही पडणार नाही.

पुलाचे दिवे सगळ्यांना पाठ असावे लागतात. लाल असेल तर थांबायचं. लाल आणि हिरवा एकत्र लागले की पूल आता उघडणार, दोर सोडायचे. नुसता हिरवा लागला की निघायचं. दोन लाल दिसले तर पूल सेवेतच नाही, वाट पाहण्यात अर्थ नाही. दिवे कळले म्हणून नाव जागच्या जागी उभी राहते असं मात्र नाही. वारा मागून असेल तर ती पुलाकडे सरकतच राहते. मग इंजिन जरा उलटं फिरवायचं, सोडायचं, परत उलटं. उलटं फिरवलं की नावेचा मागचा भाग एका बाजूला ओढला जातो, म्हणून सुकाणू धरणाऱ्याने त्या बाजूला आधीच जागा ठेवलेली असावी लागते. पाल्हाळ लावून सांगतोय, कारण या मार्गावरचं खरं कसब हेच आहे. शिडं इथे दिवसेंदिवस गुंडाळलेलीच असतात.

न्यूवे मेअरच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाजांमधल्या हौदात, पाणी जेमतेम वीतभर चढतं. दोन पाणलोटांच्या पातळीतल्या एवढ्याशा फरकासाठी हे दरवाजे आहेत. फरक कितीही कमी असो, दोराचा नियम बदलत नाही. खुंट्याभोवती एक वेढा घ्यायचा आणि मोकळं टोक हातात ठेवायचं. गाठ मारायची नाही. पाणी उतरणाऱ्या लॉकमध्ये गाठ मारली तर नाव दोराला लटकते.

मध्यरात्रीनंतर रिंगरोडचा पूल उभा राहिला. वर काही क्षणांपूर्वीपर्यंत मोटारी धावत होत्या. सवय नसलेल्याला वाटतं, डोलकाठी आता आदळणार. उघडलेला भाग कित्येकदा पूर्ण सरळ उभा राहत नाही, पाण्याकडे थोडा कललेला असतो, म्हणून बिजागरीपासून लांबच्या बाजूने जायचं. पुढे कॉस्टफर्लोरेनफार्ट कालवा, एकामागून एक पूल, काठावर लाकूड कापायची जुनी पवनचक्की ‘दे ऑटर’. पुढच्या नावेचा पांढरा दिवा तेवढा पाहायचा, त्याच्याशी अंतर राखायचं. कोणी बोलत नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक पुलाशी आरडाओरड व्हायची. आता नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या मुलीने हात वर केला की सुकाणूवाल्याला कळत होतं. शेवटचा रेल्वेपूल ओलांडून आय नावाच्या रुंद पाण्यात आलो आणि सगळ्यांनी मागे वळून दिवे मोजले. बाईंचा दिवा होता.

ओरांये लॉकपलीकडे मार्कर्मेअरमध्ये शिडं चढली. हे पाणी उथळ आहे, बरंचसं दोन ते चार मीटर. त्यामुळे वारा वाढला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. ताफा इथे पांगला, आणि एन्खाउझेनच्या लॉकशी पुन्हा जमला. या लॉकची रचना मला फार आवडते. नावा वरून जातात आणि मोटाररस्ता पाण्याखालून. एन्खाउझेनबद्दल मला आणखीही ओढ आहे. गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस असलेला यान हाउखन फान लिनस्खोटेन 1592 मध्ये याच गावी परतला. गोव्यात मिळवलेली माहिती त्याने 1596 च्या पुस्तकात छापली, आणि डच जहाजांना ती आशियाच्या वाटेवर कामी आली. कोकणी माणसाने या धक्क्यावर एकदा तरी उभं राहावं.

संध्याकाळी नावा एकमेकींना लागून बांधल्या. बाई अर्थात सर्वांत शेवटी आल्या. डिझेलचा हिशेब झाला, उरलेलं सामान वाटलं गेलं. पुढच्या वर्षीच्या मार्गावर वाद झाला, तो मिटला नाही. शेवटची नाव कोणी न्यायची याचा निर्णय मात्र लगेच झाला. बाईंनी नाळेवरच्या त्या मुलीकडे बोट दाखवलं. मुलगी म्हणाली, ‘‘मला अजून एक वर्ष द्या.’’ बाई म्हणाल्या, ‘‘दिलं. पण ते माझ्या नावेवर.’’