टेकूवर उभीं असलेलीं घरें

मुंबईच्या गिरगांव, भुलेश्वर, डोंगरी या भागांतून पायीं जाणाऱ्याला एक दृश्य हटकून दिसतें. चार मजली जुनी इमारत, सज्जाचा कठडा झुकलेला, भिंतीच्या भेगेंतून पिंपळ फुटलेला, आणि तळापासून वरपर्यंत टेकू लावलेले. परक्याला वाटावें कीं, हें घर लोकांनीं केव्हांच टाकून दिलें आहे. पण मान वर करून पाहावें तों दोरीवर कपडे वाळत असतात आणि खिडकींत तुळशीची कुंडी असते. घर मालकानें सोडलें आहे. राहणाऱ्यांनीं सोडलेलें नाहीं.

इतर देशांत ओसाड घराचा प्रश्न निराळा आहे. जपानांत २०२३ सालच्या गणनेंत सुमारें ९० लाख घरें रिकामीं आढळलीं. तेथें माणूस नाहींसा झाला व घर मागें राहिलें. मुंबईंत माणसें एका खोलींत सात-सात राहतात. नाहींसा झाला आहे तो घराची काळजी घेणारा धनी. म्हणून येथील महापालिकेला केवळ भिंत पाडून भागत नाहीं. भिंतीच्या आड कोण राहतो व तो उद्यां कोठें जाईल, याचें उत्तर आधीं द्यावें लागतें.

धनी नाहींसा कां झाला, याचें कारण बव्हंशीं भाड्याच्या कायद्यांत आहे. महायुद्धाच्या काळांत व त्यानंतर शहरांत माणसांची रीघ लागली. भाडेकरूंची लूट होऊं नये म्हणून १९४७ सालच्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें त्यावरच प्रमाणभूत भाडें बांधून टाकलें. हेतु सर्वस्वीं चांगला होता. परंतु सिमेंट, लांकूड, गवंड्याची मजुरी हीं कांहीं १९४० च्या दरांत थांबलीं नाहींत. दहा-वीस रुपयांच्या भाड्यांतून तुळई बदलावी कशी? मालकानें दुरुस्ती सोडली. भाडेकरूनें कमी भाडें सोडून जाण्याचें मनांतही आणलें नाहीं, आणि दोघांच्या मध्यें पागडीचा व्यवहार वाढला. हें जुनें गोठलेलें भाडें आतां वाजवी राहिलेलें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं म्हटलें, आणि १९९९ च्या नव्या कायद्यानें वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. तोंपर्यंत पन्नास पावसाळे त्या तुळयांवरून गेले होते.

पडक्या घराला हात घालण्याचा महापालिकेचा अधिकार मात्र याहून पुष्कळ जुना आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचें ३५४ वें कलम असें सांगतें कीं, एखादें बांधकाम मोडकळीस आलें असेल वा पडण्याच्या बेतांत असेल, तर आयुक्तांनीं मालकाला अथवा तेथें राहणाऱ्याला लेखी नोटीस देऊन तें पाडावयास, सुरक्षित करावयास किंवा दुरुस्त करावयास सांगावें. नोटीस मानली नाहीं, तर काम महापालिका स्वतः करून खर्च वसूल करूं शकते. १८९६ सालीं प्लेग आल्यावर अनेक घरें मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविलीं गेलीं, आणि १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले. शहराला वारा मिळाला खरा, पण जेवढीं माणसें उठलीं तेवढ्यांना घरें मिळालीं नाहींत.

या अनुभवाचें पुढचें पाऊल १९६९ सालीं पडलें. जुनीं घरें दुरुस्त करणें हें मालकाला जमत नसेल तर तें सार्वजनिक संस्थेनें करावें, या विचारानें मुंबई शहर विभागासाठीं इमारत दुरुस्ती मंडळ निर्माण झालें. पुढें तें म्हाडाचा भाग झालें. १९,६४२ इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. तो महापालिका आपल्या मालमत्ता-करासोबत गोळा करते, आणि तुळया बदलणें, जिने नवे करणें, टेकू लावणें हीं कामें मंडळ करतें. १ सप्टेंबर १९४० पूर्वीं बांधलेल्या इमारती 'अ' वर्गांत येतात. मोठा भरणा त्यांचाच. आज या उपकरप्राप्त इमारतींपैकीं तेरा-चौदा हजार उरल्या आहेत. उपनगरें या व्यवस्थेंत नाहींत. तेथें ३५४ वें कलम हाच मुख्य आधार.

दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं धोकादायक इमारतींची यादी निघते. २०१४ सालीं उच्च न्यायालयानें घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणें इमारतीची तपासणी होऊन तिला वर्ग दिला जातो. 'सी-१' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडावयाची, 'सी-२ अ' म्हणजे मोठी दुरुस्ती, तीहि कांहीं भाग रिकामा करून, 'सी-२ ब' म्हणजे लोक राहत असतांना होणारी दुरुस्ती, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ डागडुजी. येथें एक चमत्कारिक प्रकार घडतो. मालकाच्या इंजिनियराला इमारत मरणपंथाला लागलेली दिसते. भाडेकरूंच्या इंजिनियराला तीच आणखी वीस वर्षें टिकेल असें दिसतें. दोघांच्या चष्म्यांत फरक कशानें पडतो, हें श्रोत्यांना सांगावयास नको. अशा वेळीं महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे दोन्ही अहवाल जातात व तिचें मत धरलें जातें.

इतकें झाल्यावरहि कुटुंब घर सोडीत नाहीं. त्याला हट्टी म्हणणें सोपें आहे. परंतु त्याच्या हातांत भाड्याच्या पावतीखेरीज कांहीं नसतें, आणि इमारतच गेली तर पावतीला काय अर्थ उरला, ही त्याची धास्ती असते. या धास्तीला कायद्यानें उत्तर दिलें आहे. महाराष्ट्रांतीलच एका खटल्यांत, महापालिकेनें पाडलेल्या इमारतीसंबंधीं, सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, बांधकाम नाहींसें झाल्यानें भाडेकरूचा हक्क नाहींसा होत नाहीं. तो त्या जमिनीशीं जोडलेला राहतो. पाडण्यापूर्वीं प्रत्येकाच्या जागेचें क्षेत्रफळ मोजून नोंदविलें पाहिजे, असेंहि उच्च न्यायालयाच्या त्या पद्धतींत आहे. म्हणून नोटीस आलेल्या घरांत सामान बांधण्याइतकेंच हें मोजमापाचें कागदपत्र पदरांत पाडून घेणें महत्त्वाचें असतें.

धास्तीचें दुसरें कारण संक्रमण शिबिर. गिरगांवांतल्या माणसाला दूर उपनगरांत तात्पुरती खोली मिळते, आणि तात्पुरती या शब्दाचा अर्थ कित्येकांच्या बाबतींत वीस-पंचवीस वर्षें असा झाला आहे. कारण पाडलेलें घर पुन्हां उभें राहीलच असें नसतें. नियमांनीं बिल्डरला जास्त चटई-क्षेत्राचा लाभ देऊं केला आहे, तो जुन्यांना फुकट घरें देऊन उरलेलीं विकतो. पण भूखंड अरुंद आणि राहणारे दाट असले म्हणजे विकावयास फारसें उरत नाहीं, आणि बिल्डर फिरकत नाहीं.

मालकाच्या हातून काम काढून घेण्याचाहि मार्ग काढण्यांत आला. सत्तर टक्के रहिवाशांनीं मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादन करावी, अशी तरतूद १९८६ सालीं झाली. मालक न्यायालयांत गेले. तो वाद नऊ न्यायाधीशांपुढें जाऊन, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ति नव्हे, असा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं लागला. तीन दशकें वादांत गेलीं. मध्यंतरीं किती इमारती पडल्या! नंतरच्या ७९-अ या कलमानें धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला सहा महिने, मग रहिवाशांना सहा महिने, आणि दोघेहि चुकले तर म्हाडाला संधि, असा क्रम लावला. त्याखालीं निघालेल्या शेंकडों नोटिसांचा वादहि २०२५ सालीं उच्च न्यायालयापुढें गेला.

भेंडीबाजारची हुसैनी इमारत धोकादायक असल्याचें ठाऊक होतें, तिच्या पुनर्बांधणीची योजनाहि आंखलेली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं ती पडली आणि ३३ माणसें गेलीं. माझगांवची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजीं पडून ६१ जण दगावले. तिला धनी नव्हता असें नाहीं. ती महापालिकेच्याच मालकीची होती, आणि आंत महापालिकेच्याच नोकरांचीं कुटुंबें राहत होतीं.

ज्यांची मूळ इमारत पुन्हां बांधतांच येत नाहीं, त्यांच्यासाठीं म्हाडा एक बृहत्सूची ठेवते. त्या सूचींत नांव लागावें म्हणून शिबिरांतलीं कुटुंबें जुनी भाडेपावती, रिकामें केल्याची नोटीस आणि खोलीच्या मोजमापाचा दाखला जपून ठेवतात. कित्येकांच्या बाबतींत त्या पावतीवर ज्या इमारतीचें नांव आहे, तिच्या जागेवर आज नुसतें कुंपण आहे.