टपालाचा शिक्का आणि यंत्राचें घड्याळ

करमाळ्यास सूर्य माथ्यावर येतो तेव्हां घड्याळांत सरासरीनें १२ वाजून २९ मिनिटें झालेलीं असतात. कारण १९०६ पासून साऱ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते. मुंबईनें या वेळेस कित्येक वर्षें दाद दिली नाहीं; पण तो तंटा ३९ मिनिटांचा होता. आज तेथील शेअरबाजारांत समान भावाच्या दोन मागण्यांपैकीं आधीं आलेली आधीं पुरी होते, आणि विचार सेकंदाच्या दशलक्षांशाचा असतो.

इतक्या सूक्ष्मतेनें दोन संगणकांचीं घड्याळें जुळवावयाचीं कशीं? एक यंत्र आपली वेळ कळवितें, दुसरें उलट निरोप धाडतें. जाण्यायेण्यास मिळून लागलेल्या वेळाचा निम्मा एका वाटेचा धरून फरक काढतात. वाटेपेक्षां अडचण दारांत अधिक. कचेरींत आलेलें पत्र बारनिशीच्या टेबलावर पडून राहावें आणि कारकुनानें सवडीनें त्यावर वेळ घालावी, तसा हा प्रकार. यंत्राचा कारभार हांकणारी ऑपरेटिंग सिस्टिम शेंकडों कामांत गुंतलेली. निरोप उघडला केव्हां तें तिला कळतें, आला केव्हां तें नाहीं.

म्हणून तार जेथें यंत्रास लागते त्या नेटवर्क कार्डावरच घड्याळ बसविलें. निरोप शिरतांच शिक्का पडतो. कारकून मग कितीहि उशीरां येवो! लिनक्स या सिस्टिमनें २०११ सालीं अशा घड्याळांस स्वतंत्र स्थान दिलें. त्यावरून यंत्राचें मुख्य घड्याळ हळूहळू जुळवून आणतात. कांटा एकदम मागें फिरविला तर नंतरची नोंद आधींची ठरेल.

मात्र जातांना व येतांना सारखाच वेळ लागतो, हें गृहीत राहतेंच. तें खोटें असेल तर शिक्का अचूक असूनहि घड्याळ चुकतें, आणि दोहोंपैकीं एकाहि यंत्रास त्याचा पत्ता लागत नाहीं.