समुद्रातले शौर्य आणि शिवारातली विहीर

हिवरे बाजारच्या माणसाला पाण्याची ओढ सांगायला नको. नगर तालुक्यातले हे गाव ७२च्या दुष्काळाने पोळलेले. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने नालाबांध, समतल चर झाले, तेव्हा कुठे विहिरींना पाणी दिसले. अशा भागात समुद्राची गोष्ट कशाला? तर गोष्ट पाण्यात बुडणाऱ्या माणसाची आहे, आणि ती आपल्याकडेही घडते.

१७ मे २०२१. तौक्ते वादळ मुंबईजवळून गुजरातकडे निघाले होते. तेलक्षेत्रावरील कामगारांच्या राहण्याचा ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहत गेला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे. पोटापाण्यासाठी घर सोडून आलेलीच बहुतेक. जॅकेट घालून ती अंधारात लाटांवर तरंगत होती. बाकीची जहाजे आसरा शोधत असताना नौदलाची ‘आयएनएस कोची’ मात्र त्या वादळात शिरली. कप्तान होते सचिन रुबेन सिक्वेरा. असल्या समुद्रात लहान होडी खाली सोडणे अवघड. मग जहाजच माणसांजवळ न्यायचे, जाळ्या-दोर सोडायचे आणि एकेकाला वर ओढायचे. जवळ जावे तर बुडणारा लोखंडावर आपटतो, लांब राहावे तर दोर पुरत नाही. मदतीला दुसऱ्या युद्धनौका आणि हेलिकॉप्टरही होती. १८६ जण जिवंत हाती लागले. बाकीच्यांच्या घरी काय झाले असेल ते सांगवत नाही. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला सिक्वेरांना शौर्यचक्र जाहीर झाले. शांततेच्या काळातल्या शौर्यपदकांत अशोकचक्र व कीर्तिचक्रानंतर याचा मान.

आता आपल्याकडे या. गावोगाव शेततळी झाली. आतला प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो, की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. कडेला गाठी मारलेला दोर आणि ट्रकची जुनी ट्यूब कितींनी ठेवली आहे? खर्च तो काय! बुडणाऱ्याला काढायला कोणीतरी उडी मारतोच, कधी तोही जातो. बुडून मेला तर पंचनामा होतो. वाचला तर? चहा होतो, पाठ थोपटली जाते, कागद मात्र कुठेच होत नाही.

अशा सामान्य माणसांसाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदके आहेत : सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक. वाचवणारा गेला असेल तरी मरणोत्तर मिळते. शिफारस राज्य सरकारमार्फत दिल्लीला जाते आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावी लागते. पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी यांनी घटना ताजी असतानाच तारीख-वेळ, पाण्याची खोली, वाचलेल्याचा आणि पाहणाऱ्यांचा जबाब लिहून घ्यावा व जिल्हाधिकारी कचेरीकडे पाठवावा. वर्षभराने विचारले, तर पाहणारे म्हणतात, ‘आता नीट आठवत नाही, साहेब.’