दुबईला जाताय? आधी सल्ला घ्या!

‘ताई, दुबईत घरकाम मिळतंय, जाऊ का?’ आमच्या चंदनसारमध्ये बायका अधूनमधून हे विचारतात. जायला हरकत नाही, पण सल्ला एजंटचा नको, कायदा जाणणाऱ्याचा हवा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशांना आखातात नोकरीला जायचं तर १९८३च्या कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी लागते आणि बाईचं वय तीस पूर्ण हवं. ही कटकट टाळायला काही एजंट चक्क व्हिजिट व्हिसा काढून देतात. ‘विमानतळावर सांगा, बहिणीकडे चालले!’ हेही तेच पढवतात. पण भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. मग पगार थकला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? परवानगीने गेलेल्या बाईचा निदान करार असतो, दहा लाखांचा विमा असतो.

तेव्हा मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी एवढं कराच. एजंटची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’वर तपासा. तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त फी त्याला घेता येत नाही. पावती मागा. करार कुणाकडून तरी वाचून घ्या.

वकील परवडत नाही म्हणता? १९८७च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला कायदेशीर मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही. वसई कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. विरारहून वसईला जायला लोकलने कितीसा वेळ लागतो? दुबईहून परतणं मात्र एवढं सोपं नसतं.