मॉनिट: सर्व्हरवरील सेवांची राखण

मॉनिट हा लिनक्स आणि इतर युनिक्स प्रणालींवर पार्श्वभूमीत चालणारा छोटा प्रोग्रॅम आहे. वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल यांसारख्या सेवांची तो ठरावीक अंतराने तपासणी करतो आणि बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करतो.

त्याचे नियम मॉनिटआरसी या फाइलमध्ये असतात. त्यात पासवर्डही असू शकतात. म्हणून मालकाखेरीज इतर कोणाला ती वाचता येत असेल, तर मॉनिट चालायलाच नकार देतो. ‘सेट डीमन 120’ या ओळीमुळे दर 120 सेकंदांनी तपासणीची एक फेरी होते.

एनजिन्क्स या वेब सर्व्हरवर देखरेख ठेवायची तर त्याची पीआयडी फाइल (प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी फाइल) आणि सेवा सुरू व बंद करण्याच्या आज्ञा नोंदवाव्या लागतात. मात्र प्रोसेस जिवंत असूनही अडकून पडलेली असू शकते. त्यासाठी 80 क्रमांकाच्या पोर्टवर एचटीटीपी विनंती पाठवून उत्तर येते का, हे पाहणारा नियमही जोडतात. सीपीयूचा वापर क्षणभर वाढणे नेहमीचेच. त्यामुळे सलग पाच फेऱ्यांत तो मर्यादेबाहेर राहिला तरच इशारा द्यावा, असे लिहिता येते.

रीस्टार्टलाही मर्यादा घालावी लागते. कॉन्फिगरेशनच चुकले असेल, तर सेवा कितीही वेळा सुरू केली तरी पुन्हा पडते. पाच फेऱ्यांत पाच रीस्टार्ट झाल्यास देखरेख थांबवून ईमेल पाठवावा, असा नियम अशा वेळी उपयोगी पडतो. पुढचा शोध लॉग वाचून माणसानेच घ्यायचा असतो.

फाइल बदलल्यावर ‘मॉनिट -टी’ने वाक्यरचना तपासतात, मगच ‘मॉनिट रीलोड’ देतात. दुरुस्तीसाठी सेवा परस्पर सिस्टमसीटीएल या आज्ञेने बंद केली, तर पुढच्याच फेरीत मॉनिट ती सुरू करतो. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी ‘अनमॉनिटर’ आणि संपल्यावर ‘मॉनिटर’ ही आज्ञा द्यावी लागते. स्थिती पाहण्यासाठी ‘मॉनिट समरी’ पुरते. 2812 पोर्टवरचे वेबपान सुरू केल्यास ते लोकलहोस्टपुरतेच ठेवावे आणि नमुन्यातला पासवर्ड बदलावा.

खुद्द मॉनिट बंद पडला, तर त्याला पुन्हा उभे करण्याचे काम सिस्टमडी या लिनक्सवरील सेवा-व्यवस्थापकाकडे सोपवता येते. पण अख्खा सर्व्हरच बंद पडला, तर त्यावरचा मॉनिट काहीच कळवू शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावरून होणारी तपासणी वेगळी ठेवावी लागते.