काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधला सूर

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तरेला, गोदीच्या मागच्या अंगाला सेव्हिल प्लेस नावाचा रस्ता आहे. गोदी कामगार आणि रेल्वे मजूर यांची ही जुनी वस्ती. इथल्या गेलिक खेळांच्या क्लबातल्या मंडळींनी १९१० साली बॅगपाइप आणि ड्रम वाजवणारा एक पाइप बँड काढला. क्लबाला सेंट लॉरेन्स ओ'टूल या बाराव्या शतकातल्या डब्लिनच्या आर्चबिशपचं नाव होतं, तेच बँडला मिळालं. पहिले अध्यक्ष टॉम क्लार्क, पहिला सचिव शॉन ओ'केसी. ही दोन नावं एका वस्तीच्या बँडमध्ये शेजारी-शेजारी आहेत, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

क्लार्क ब्रिटिशांच्या कैदेत पंधरा वर्षं काढून आलेले होते. पार्नेल स्ट्रीटवर त्यांचं तंबाखूचं लहानसं दुकान होतं. बँड निघाल्यावर सहा वर्षांनी ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यावर पहिली सही त्यांनी केली आणि ३ मे १९१६ रोजी किल्मेनहॅम तुरुंगात ब्रिटिशांनी त्यांना गोळ्या घातल्या. बँड निघाला तेव्हा ओ'केसी तिशीचा, रेल्वेत अंगमेहनत करणारा. जन्म प्रोटेस्टंट घरातला, पण मन रमलं ते या कॅथलिक वस्तीच्या क्लबात. त्याचं पहिलं नाटक ॲबी थिएटरात लागायला १९२३ साल उजाडलं. पुढे ज्याची आयर्लंडच्या थोर नाटककारांत गणना झाली, तो माणूस तेव्हा या बँडचं सचिवपद सांभाळत होता.

पण गोदीवरच्या माणसांना पाइप्सच का हव्याशा वाटल्या? आयर्लंडमध्ये एके काळी ‘पीब वोर’, म्हणजे रणात वाजणारी मोठी पाइप, होती. जॉन डेरिकच्या १५८१ सालच्या पुस्तकातल्या एका लाकूडठशाच्या चित्रात सैनिकांबरोबर आयरिश पाइपवादक दिसतो. पुढे हे वाद्य बंद पडलं, वाजवणारे गेले, शिकवणारे गेले. उरली ती घरात बसून वाजवायची, कोपराखालच्या भात्यावर चालणारी मऊ आवाजाची इलन पाइप. ती घेऊन रस्त्यावरून चालता येत नाही. स्कॉटलंडच्या पलटणींनी मात्र आपली हायलँड पाइप जिवंत ठेवली होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर आयरिश पुनरुज्जीवनवाद्यांनी तीच उचलली. अनेकांनी तिच्या तीन ड्रोनपैकी, म्हणजे अखंड सूर धरणाऱ्या नळ्यांपैकी, एक काढून टाकला, टार्टनच्या चौकड्यांऐवजी एकरंगी केशरी किल्ट नेसला आणि हे वाद्य आपलं म्हणून मिरवायला सुरुवात केली. याला कुणी नक्कल म्हणेल. मला त्यात दोनेकशे वर्षं मोडून पडलेली गोष्ट हाताशी असेल त्यानं पुन्हा उभी करण्याची जिद्द दिसते.

हा आवाज आपल्यालाही अनोळखी नाही, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा पाइप बँड अनेकांनी ऐकला असेल. पण त्या आवाजाच्या आत काय चाललेलं असतं, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

वादक तोंडानं पिशवीत हवा भरतो आणि डाव्या काखेत ती पिशवी दाबून धरतो. तो श्वास घ्यायला थांबला तरी हात दाबत राहतो, त्यामुळे आवाज खंडत नाही. पिशवीतली हवा एकाच वेळी चार ठिकाणी जाते. एक वाट चँटरची, ज्याच्या भोकांवर बोटं नाचतात. बाकी तीन ड्रोनच्या. दोन टेनर ड्रोन चँटरच्या खालच्या ‘ए’पासून एक सप्तक खाली आणि बेस ड्रोन दोन सप्तकं खाली. सनईवाल्याशेजारी बसून एक जण अखंड सूर धरतो, तेच काम इथे ड्रोन करतात, फक्त तो साथीदार वादकाच्याच खांद्यावर असतो.

चँटरवर स्वर मोजून नऊ. आवाज लहान-मोठा करता येत नाही. जोरानं फुंकलं किंवा हात ढिला पडला तर सूरच हलतो. मध्ये थांबताही येत नाही, म्हणजे एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर तो तोडायचा कसा? त्यासाठी बोटाच्या झटक्यानं क्षणभर दुसरा स्वर मध्ये टाकतात. आपण कणस्वर म्हणतो तसे हे इवले स्वर. सराईत वादक ते ओळीनं असे पेरतो की कधीही न थांबणाऱ्या वाद्यात थांबल्याचा भास होतो. मला या वाद्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

आणि सूर कोणता? कागदावर लिहितात ‘ए’, पण आजच्या स्पर्धेतल्या बँडचा ‘ए’ साधारण ४८० हर्ट्‌झच्या आसपास वाजतो. आपल्या पेटीवर शोधाल तर तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्येच कुठे तरी हरवेल. शिवाय स्वरांची अंतरं ड्रोनशी जुळवून घेतलेली असल्यामुळे ती पेटीच्या समान अंतरांत बसत नाहीत. शंभर वर्षांत ही पट्टी हळूहळू चढत गेली आहे. क्लार्क आणि ओ'केसी यांनी ऐकलेला बँड आजच्यापेक्षा खालच्या पट्टीत वाजत असणार.

आता असे वीसेक वादक एकत्र उभे करा. प्रत्येकाच्या रीडवर, म्हणजे वाद्यातल्या कंप पावणाऱ्या पातीवर, त्याच्या श्वासाची ओल चढते, बाहेर ऊन पडलं की सूर वर सरकतो, ढग आले की उतरतो. पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख वादक, एकेका चँटरपाशी थांबून भोकाच्या कडेला चिकटपट्टी सरकवत स्वर केसाएवढा खाली आणतो. मग सर्वांचे कणस्वर एका झटक्यात पडले पाहिजेत. शिकणाऱ्याच्या हातात म्हणूनच आधी पिशवी देत नाहीत. पहिले कित्येक महिने फक्त साधा सरावाचा चँटर. आणि हे सगळं करणारी माणसं दिवसा आपापल्या नोकऱ्या करणारी असतात, बिदागी घेणारी नव्हेत.

पाइप बँडची जागतिक स्पर्धा दर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीन या मैदानात होते. पहिल्या श्रेणीचे बँड दोन तऱ्हांचं वादन करतात. एकीत मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील या तीन चालींचा ठरलेला क्रम. दुसरीत बँडनं स्वतः गुंफलेली सुरावटींची माळ. बँड वर्तुळ करून उभा राहतो आणि परीक्षक त्याभोवती फिरतात. दोन पाइप्स ऐकतात, एक ड्रम आणि चौथा सगळं मिळून कसं लागतंय ते. ड्रमचे ठोके पडतात, ड्रोन घुमतात आणि सगळे चँटर एकदम सुरू होतात. त्या पहिल्या स्वराला एक जण जरी मागे राहिला तरी तो सगळ्यांना ऐकू जातो.

२०१० साली, शंभराव्या वर्षी, सेंट लॉरेन्स ओ'टूल पाइप बँड या मैदानात जगज्जेता ठरला. पाइप मेजर होते टेरी टली. पुढे ती धुरा त्यांच्या मुलानं, ॲलन टलीनं घेतली. टेरींनी पारंपरिक आयरिश सुरावटी बॅगपाइपसाठी बसवून पुस्तकरूपानं छापल्या आहेत, आणि हे काम दिसतं त्याहून अवघड आहे. त्या सुरावटी बऱ्याचदा फिडल किंवा बासरीवर जन्मलेल्या, दोन सप्तकांत मोकळ्या फिरणाऱ्या. नऊ स्वरांत त्या बसवायच्या तर जिथे सुरावट वर निसटते तिथे स्वर एक सप्तक खाली घ्यावा लागतो, नाही तर शेजारचा दुसरा निवडावा लागतो, आणि तरीही ऐकणाऱ्या डब्लिनकरानं पहिल्या चार मात्रांत ती ओळखली पाहिजे.